फिजिओथेरपीच्या पदवीत काय शिकवतात

माणसाच्या शरीराची हालचाल कशी होते, ती कशामुळे बिघडते आणि बिघडलेली हालचाल कितपत पूर्ववत करता येते, हा फिजिओथेरपीच्या पदवीचा विषय. महाराष्ट्रात ही पदवी बीपीटीएच या नावाने ओळखली जाते आणि राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे मिळते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी नीट परीक्षेच्या गुणांवर येथे प्रवेश घेतात. आजवरचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यापुढे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाने २०२५ मध्ये देशभरासाठी जो नवा आराखडा जाहीर केला, त्यात इंटर्नशिप वर्षभराची धरल्यामुळे एकूण मुदत पाच वर्षांची होते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी दिसतात, शेक देणारी मशीन आणि व्यायाम. शिकणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ मात्र रुग्णाला तपासणे, मोजणे आणि नेमके काय बिघडले आहे हे ठरवणे यात जातो.

भारतात हे शिक्षण मुंबईत सुरू झाले. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा निघाली. पोलिओने हातपाय लुळे पडलेली मुले हे त्यामागचे एक मोठे कारण होते. १९५५ मध्ये हाजीअलीजवळची शारीरिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही स्थापन झाली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओच्या रुग्णांना तपासता तपासता तयार झालेल्या पद्धती अभ्यासक्रमात अजून आहेत आणि आजचे विद्यार्थी त्या अर्धांगवायूच्या आणि अपघाताच्या रुग्णांवर वापरतात.

पहिल्या वर्षी सर्वांत मोठा विषय शरीररचनाशास्त्राचा. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच येथेही शवविच्छेदनगृहात उभे राहून शिकावे लागते, पण पोटातल्या अवयवांपेक्षा हातपाय, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा यांवर भर जास्त असतो. प्रत्येक स्नायूबद्दल चार प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ लागतात: तो कुठल्या हाडावर सुरू होतो, कुठे जाऊन चिकटतो, त्याला कुठली नस चालवते आणि तो आकसला की कुठला सांधा कसा हलतो. स्नायू सहाशेहून अधिक असल्यामुळे पहिल्या वर्षाची बरीच जागरणे यातच जातात. या पाठांतराचा उपयोग पुढे कळतो. मान आणि छातीच्या वरच्या भागातून निघणारी पाच चेतामुळे काखेपर्यंत एकमेकांत गुंततात आणि त्यांतून हाताच्या पाच मुख्य नसा तयार होतात. दंडाचे हाड मोडलेल्या रुग्णाला मनगट वर उचलता येत नसेल, तर या जाळ्यातली रेडियल नस दुखावल्याची शंका विद्यार्थ्याला तिथल्या तिथे यायला हवी. पुस्तकातली रचना जिवंत शरीरावर शोधण्याचा सरावही याच वर्षी सुरू होतो. विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर बोटांनी चाचपून हाडांचे उंचवटे, कंडरा, नाडीची ठिकाणे शोधतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला खुब्याजवळ लागणारा हाडाचा उंचवटा काटकुळ्या मित्रावर चटकन सापडतो आणि गुबगुबीत मित्रावर सापडत नाही. रुग्ण दोन्ही प्रकारचे असतात, म्हणून दोघांवरही हात बसवावा लागतो.

शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय शरीररचनेच्या जोडीला असतात. पण फिजिओथेरपीचा स्वतःचा म्हणावा असा पहिला विषय म्हणजे हालचालींचे शास्त्र, किनेसिऑलॉजी. यात भौतिकशास्त्रातली तरफ शरीरावर लावून दाखवतात. मान मागे नेणे ही पहिल्या प्रकारची तरफ, चवड्यांवर उभे राहणे दुसऱ्या प्रकारची आणि कोपरातून हात दुमडणे तिसऱ्या प्रकारची. खांद्यातून हात पूर्ण वर नेला तर १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातला सुमारे १२० अंशांचा भाग खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंशांचा भाग पाठीवरचे फऱ्याचे हाड सरकल्यामुळे घडतो. खांदा आखडलेल्या रुग्णाचा हात थोडाफार वर जातो तेव्हा पुष्कळदा ते काम एकटे फऱ्याचे हाड करत असते, आणि पाठ उघडी करून पाहिल्याशिवाय ते ध्यानात येत नाही.

या विषयातले खुब्याचे उदाहरण जवळजवळ प्रत्येक वर्गात शिकवले जाते. माणूस एका पायावर उभा राहिला की शरीराचे वजन कमरेची दुसरी बाजू खाली ओढते. ती खाली जाऊ नये म्हणून ज्या पायावर तो उभा आहे त्या बाजूचा कुल्ह्याचा स्नायू कंबर धरून ठेवतो. पण वजनाचे सांध्यापासूनचे अंतर जास्त आणि या स्नायूचे कमी, त्यामुळे तोल राखायला स्नायूला वजनापेक्षा बराच जास्त जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूची ओढ मिळून खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. चालताना हे प्रत्येक पावलाला घडते. उजवा खुबा दुखणाऱ्याने काठी डाव्या हातात धरावी, हे यावरूनच निघते. डाव्या बाजूला, सांध्यापासून लांब टेकलेली काठी कंबर सावरायला मदत करते, उजव्या स्नायूला कमी जोर लावावा लागतो आणि सांध्यावरचा भार बराच उतरतो. घरोघरी आजी-आजोबा दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, कारण ते सहज सुचते. हाच स्नायू दुबळा झाला की एका पायावर उभे राहताना कंबर दुसऱ्या बाजूला खचते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेली ही खूण आजही त्यांच्याच नावाने तपासली जाते.

चालण्याचा अभ्यास असाच बारकाईने होतो. एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाचे सुमारे ६० टक्के पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. या काळाचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यात घोटा, गुडघा आणि खुबा किती वाकायला हवा हे विद्यार्थी शिकतात. लंगडत चालणारा माणूस समोर आला की त्याची चाल कुठल्या टप्प्यात अडते हे सांगता यायला हवे. नजर तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात.

मोजमापाची दोन साधने विद्यार्थ्याच्या हातात कायम असतात. पहिले गोनिओमीटर, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेला कोनमापक. त्याने सांधा किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो ते नोंदवतात. येथे भारतीय रुग्णाची गरज पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी पडते. खुर्चीवर बसणे-उठणे आणि जिना चढणे यांसाठी गुडघा शंभर अंशांच्या आसपास वाकला तरी भागते. उकिडवे बसायचे, मांडी घालायची, शेतात खुरपायला बसायचे तर तो सव्वाशे अंशांच्या बराच पुढे जावा लागतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बरा झाला असे कधी म्हणायचे हे त्याच्या रोजच्या बैठकीवर अवलंबून असते, आणि चांगले शिक्षक ती बैठक विचारायला लावतात.

दुसरे साधन म्हणजे स्वतःचे हात. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजली जाते. बॉस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१० च्या दशकात पोलिओच्या रुग्णांसाठी अशा मोजणीचा पाया घातला. स्नायू जराही आकसत नसेल तर शून्य, नुसती थरथर जाणवली तर एक, आडव्या स्थितीत, गुरुत्वाकर्षणाचा अडथळा नसताना पूर्ण हालचाल झाली तर दोन, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झाली तर तीन, वरून थोडा विरोध सोसला तर चार आणि पूर्ण विरोध सोसला तर पाच. मांडीचा पुढचा स्नायू तपासताना रुग्णाला पाय खाली सोडून बसवतात आणि गुडघा सरळ करायला सांगतात. जमले नाही तर कुशीवर निजवून पुन्हा पाहतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण दुबळा स्नायू असलेला माणूस नकळत शेजारच्या स्नायूची मदत घेतो, पाठ मागे झुकवतो, खांदा उचलतो. ही लबाडी पकडता आली नाही तर दोनला तीन लिहिले जाते आणि पुढचा सगळा व्यायाम चुकतो.

इलेक्ट्रोथेरपी हा लोकांना सर्वाधिक परिचयाचा आणि अभ्यासात सर्वाधिक वादाचा विषय. शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरींनी ऊतींमध्ये खोलवर उष्णता निर्माण करते. अल्ट्रासाउंड १ मेगाहर्ट्झवर खोल जातो आणि ३ मेगाहर्ट्झवर वरच्या थरांत राहतो. टेन्स हे चिकटपट्ट्यांतून सौम्य विद्युतप्रवाह देणारे छोटे यंत्र. त्यामागचे तत्त्व रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात, असे ते सांगते. ठेच लागल्यावर बोट चोळले की बरे वाटते ते याचमुळे. या सगळ्यांमागचे भौतिकशास्त्र, सर्किट आणि मात्रा शिकाव्या लागतात. त्याहून महत्त्वाची यादी यंत्र कधी लावायचे नाही याची असते. हृदयात पेसमेकर असलेला रुग्ण, गर्भवतीचे पोट आणि कंबर, कर्करोगाची गाठ, हाडात बसवलेली धातूची पट्टी यांच्यापुढे कुठले यंत्र निषिद्ध हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शेक देण्याआधी गरम आणि थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्या त्वचेला लावून रुग्णाला फरक कळतो का हे पाहायचे असते, कारण मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला भाजले तरी समजत नाही.

या यंत्रांचा उपयोग किती, याविषयी गेल्या काही दशकांत मते बदलली आहेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी नाइस या संस्थेने २०१६ मध्ये काढलेल्या कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल थेरपी देऊ नये असे म्हटले आहे. व्यायामाचा सल्ला मात्र कायम आहे. रुग्ण बहुधा उलट मागणी घेऊन येतो. मशीन लावले की उपचार झाला असे त्याला वाटते, आणि व्यायाम सांगितला की फी कशाची घेतली असा प्रश्न पडतो. पुरावा आणि मागणी यांतले हे अंतर विद्यार्थ्याला कळलेले असले, तरी ते सांभाळायला तो खऱ्या अर्थाने शिकतो व्यवसायात पडल्यावर.

व्यायाम हा तर या शास्त्राचा मुख्य उपचार. कुठला व्यायाम, किती वेळा, किती वजनाने आणि किती दिवसांनी वाढवायचा, याचे नियम शिकवले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत्या वजनाचे व्यायाम दिले आणि दुखऱ्या गुडघ्याला नुसती विश्रांती द्यावी या समजाला धक्का दिला. एखादा माणूस जास्तीत जास्त दहाच वेळा उचलू शकेल एवढे वजन शोधून त्यावरून व्यायाम ठरवण्याची त्यांची रीत आजही शिकवतात. जोडीला ताण देणे, तोल सुधारणे, पाण्यातले व्यायाम, दोरखंडांनी हातपाय अधांतरी टांगून करायचे व्यायाम असा मोठा पसारा असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, मेडिसिन, शल्यचिकित्सा, अस्थिरोग, स्त्रीरोग, सामाजिक वैद्यक असे विषय झपाट्याने येतात. फिजिओथेरपिस्ट औषधे लिहून देत नाही की शस्त्रक्रिया करत नाही. तरीही समोरचा रोग त्याला ओळखता यावा आणि रुग्ण डॉक्टरकडे कधी पाठवायचा हे कळावे, एवढ्यासाठी हे सगळे असते. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवीवर ताबा राहत नसेल आणि बसण्याच्या जागी बधिरता आली असेल, तर मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि त्याला व्यायाम न देता तातडीने शल्यविशारदाकडे पाठवायचे असते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, कारणाशिवाय घटलेले वजन, ताप याही धोक्याच्या खुणा. विद्यार्थ्याला त्या इतक्या वेळा विचारल्या जातात की पुढे कुठल्याही पाठदुखीच्या माणसाला तो हेच प्रश्न आधी विचारतो.

चौथ्या वर्षी खरी ओपीडी आणि वॉर्ड सुरू होतात. परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. इतिहास घ्यायचा, तपासायचे, निष्कर्ष काढायचा, उपचार ठरवायचा आणि परीक्षकासमोर उभे राहून प्रत्येक निर्णयाचे कारण सांगायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेली एक चौकट यासाठी वापरतात. शरीरात काय बिघडले, त्यामुळे कुठले काम अडले आणि माणसाच्या घरच्या, नोकरीच्या, समाजातल्या वावरावर काय परिणाम झाला, अशा तीन पातळ्यांवर तिच्यात विचार होतो. गुडघ्याची झीज एकसारखीच असलेल्या शिक्षिकेचे आणि हमालाचे उद्दिष्ट एकच असू शकत नाही, हे या चौकटीत लिहिताना आपोआप पुढे येते.

हाडे-सांध्यांच्या विभागात फ्रॅक्चर, कंबरदुखी, मानदुखी, खांदा आखडणे, सांधेबदल शस्त्रक्रिया आणि खेळाडूंच्या दुखापती येतात. मज्जासंस्थेच्या विभागात काम संथ गतीचे आणि संयमाचे असते. अर्धांगवायूच्या रुग्णाला पहिल्या दिवसांत कसे निजवायचे, कुशीवर कसे वळवायचे, खाटेच्या कडेला कसे बसवायचे येथपासून शिकावे लागते. लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवणे ही नातेवाइकांची नेहमीची चूक. स्नायूंचा आधार गेलेला खांदा अशा ओढीने सांध्यातून खाली सरकतो आणि पुढे महिनोन् महिने दुखतो. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याची पद्धत येथे शिकवली जाते, तसेच एडवर्ड टॉब यांची धडधाकट हात बांधून ठेवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धतही. मेंदू सरावाने नव्या जोडण्या करतो, या समजुतीवर आजचे बरेचसे उपचार आधारलेले आहेत आणि म्हणून एकच उपयोगी काम पुष्कळ वेळा करवून घेण्यावर भर असतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या बाबतीत अर्धे शिक्षण आईवडिलांचेच करावे लागते, कारण मूल दिवसाचे बाकीचे तास त्यांच्याच हातात असते.

हृदय आणि श्वसनाचा विभाग बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो. कोविडच्या काळात तो थोडा लोकांसमोर आला. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस टाक्यांच्या भीतीने खोल श्वास घेत नाही आणि खोकतही नाही. मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि कफ साचतो. म्हणून शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधीच त्याला खोल श्वास शिकवतात, उशी पोटाशी धरून खोकायला शिकवतात आणि तीन चेंडूंचा स्पायरोमीटर ओढायला लावतात. फुप्फुसाच्या कुठल्या कप्प्यात कफ आहे त्यानुसार रुग्णाला वेगवेगळ्या स्थितीत निजवून तो खाली उतरवतात, आणि येथे पहिल्या वर्षी पाठ केलेली श्वासनलिकांच्या फांद्यांची रचना कामी येते. आयसीयूत नळ्या आणि मॉनिटर लावलेल्या रुग्णाला उठवून बसवणे हेही विद्यार्थी याच विभागात शिकतात. बायपासनंतर हृदयरुग्णाची ताकद सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीने मोजतात. ३० मीटरच्या सरळ वाटेवर तो सहा मिनिटांत किती अंतर जातो, तेवढेच पाहायचे. महागड्या यंत्राशिवाय होणारी इतकी उपयोगी चाचणी वैद्यकात क्वचितच सापडते.

सामाजिक फिजिओथेरपीत वस्ती, शाळा, कारखाना आणि वृद्धाश्रम येतात. गरोदरपणातले आणि बाळंतपणानंतरचे व्यायाम, वृद्धांचे पडणे टाळणे, कामाच्या जागेची मांडणी, कृत्रिम पाय आणि कॅलिपर वापरायला शिकवणे यांचा त्यात समावेश असतो. अपंगत्वाचा कायदाही वाचावा लागतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. वर्गातल्या शिक्षणात हा विभाग थोडा दुर्लक्षित राहतो, पण गावात फिरल्याशिवाय त्यातले काही कळत नाही: शौचालयाला कठडा नाही, उंबरठा उंच आहे आणि व्हीलचेअर गल्लीत वळत नाही, हे रुग्णालयात दिसत नसते.

शेवटी इंटर्नशिप. विद्यार्थी एकेका विभागात आळीपाळीने काम करतात, देखरेखीखाली रुग्ण सांभाळतात आणि एक छोटा संशोधन प्रकल्प करतात, त्यासाठी संख्याशास्त्राची तोंडओळख आधीच झालेली असते. त्यानंतर राज्याच्या व्यवसायोपचार व फिजिओथेरपी परिषदेत नोंदणी करून व्यवसाय सुरू करता येतो. पुढे एमपीटीएचमध्ये अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, सामाजिक आरोग्य, क्रीडा अशा शाखांपैकी एकीत विशेष शिक्षण घेता येते.